हात मांडीवर

“आधी हात मांडीवर ठेवा.”

नवा कॉम्प्युटर घेऊन कुणीही दुकानात शिरलं की बाईंचं पहिलं वाक्य हे असायचं. समोर वकील असो, उत्तनजवळच्या पालीहून आलेला कोळी असो, नाहीतर माझ्यासारखा स्वतःला तज्ज्ञ समजणारा निवृत्त माणूस असो. पहिलीच्या वर्गात बसल्यासारखे आम्ही सगळे निमूटपणे हात मांडीवर ठेवायचो.

तुम्ही नव्या कॉम्प्युटरसमोर बसलेला माणूस कधी नीट पाहिलाय का? पडद्यावर काहीही आलं की त्याचं बोट आधी दाबतं आणि डोळे मागाहून वाचतात. ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करत तो अशा अशा गोष्टी घरात घेतो, ज्यांना एरवी त्याने दारातूनच परत पाठवलं असतं. बाईंचं भांडण या बोटाशी होतं.

भाईंदर पश्चिमेला, बाजाराच्या मागच्या गल्लीत, एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर त्यांचं दुकान होतं. पूर्वी तिथे त्या टायपिंगचा क्लास चालवायच्या. पुढे टाइपरायटर गेले, कॉम्प्युटर आले आणि बाई लग्नपत्रिका, अर्ज, प्रतिज्ञापत्रं करू लागल्या. मूळच्या चिपळूणकडच्या. लग्न केलं नव्हतं, आणि का केलं नाही हे विचारायची माझी कधी हिंमत झाली नाही. सगळा बाजार त्यांना ‘टायपिंगच्या बाई’ म्हणायचा. पाटीवरही त्यांचं नाव नव्हतं.

कॉम्प्युटरमध्ये काय टाकायचं आणि काय नाही, हे विचारायला लोक त्यांच्याकडे यायचे. बाई उत्तर द्यायच्या नाहीत. ड्रॉवरमधून एक पिवळा कागद काढून हातात ठेवायच्या. “आठ दिवस यावर लिहा. रोज असं काय केलंत, जे या डब्याने केलं असतं तर बरं झालं असतं? मग या. तोवर काही टाकायचं नाही.” गुजराती गिऱ्हाईक असलं की हेच हिंदीत. “सेठ, पहले पन्ना, बाद में डब्बा.” बरेच जण वैतागून दुसऱ्या दुकानात जायचे आणि महिन्याभराने अडकलेला डबा घेऊन परत यायचे. तेव्हाही त्यांना पिवळा कागदच मिळायचा.

मी सेवानिवृत्त झालो तेव्हा ऑफिसने शाल आणि श्रीफळ दिलं, आणि मी स्वतःला लॅपटॉप दिला. आवक-जावक विभागात उभी हयात काढली असली, तरी कॉम्प्युटरमधला जाणकार म्हणून तिथे माझा दबदबा होता. प्रिंटर अडला की मलाच बोलवायचे. मी तो बंद करून पुन्हा चालू करायचो. एवढ्या भांडवलावर मी बाईंच्या दुकानात गेलो, हात मांडीवर ठेवले, पिवळा कागद घेतला आणि आठ दिवसांचं काम संध्याकाळपर्यंत उरकून परत आलो.

बाईंनी चष्मा वर सरकवला आणि माझी यादी मोठ्याने वाचली. “कादंबरी लिहिणे. व्हिडिओ एडिटिंग. शेअर बाजाराचा अभ्यास. संस्कृत शिकणे. कुंडली मांडणे. घराच्या अंतर्गत सजावटीचा नकाशा.” इथे त्या थांबल्या. “घर केवढं आहे, साहेब?”

“वन रूम किचन.”

“बरं. आणि हे सगळं काल केलंत?”

“नाही, करणार आहे.”

“मी ‘काय केलंत’ असं विचारलं होतं. काल काय केलंत?”

मी आठवायला लागलो. काल सकाळी दूध आणलं. पेपर वाचला, जाहिरातींसकट. जेवलो, झोपलो, उठलो. बायकोला दोनदा विचारलं, बाजारातून काही आणायचंय का. तिने दोन्ही वेळा नाही म्हटलं. नंतर गॅलरीत उभा राहिलो. हे मी बाईंना सांगितलं आणि सांगता सांगताच मला माझी लाज वाटली. त्यांनी माझ्या यादीच्या खाली पेन्सिलीने काहीतरी खरडलं आणि कागद एका जाड फायलीत लावून टाकला.

मग त्यांनी लॅपटॉपमध्ये तीन गोष्टी टाकल्या. एक मराठी लिहायचा प्रोग्रॅम, एक फोटो बघायचा, आणि एक पत्त्यांचा खेळ.

“पत्ते?” मी दुखावल्या आवाजात म्हणालो.

“लागतील,” बाई म्हणाल्या.

त्या रात्री जेवण आटोपल्यावर मी पत्ते खेळलो. बायको मागून येऊन बघून गेली आणि म्हणाली, “कादंबरी छान चाललीय.”

पण मी हार मानणाऱ्यांतला नव्हे. बाईंच्या नकळत मी एक फुकटचा अँटिव्हायरस टाकला. तो रोज घाबरवायचा, म्हणून त्याच्यावर लक्ष ठेवायला दुसरा टाकला, आणि त्या दोघांत मिटवायला तिसरा. तिघेही एकमेकांनाच व्हायरस समजून पकडायला लागले, आणि लॅपटॉप तापून बंद पडला. बाईंनी तो उघडला, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, “घरात तीन वॉचमन ठेवलेत, साहेब, पण चोराने न्यावं असं आत आहे काय?” आत सात ओळींची कादंबरी होती.

यानंतर मी रोजच दुकानात जायला लागलो. रोज काहीतरी बिघाड असायचा. पडदा जरा फिका वाटतोय. आवाज डावीकडून कमी येतोय. बाई लॅपटॉप उघडायच्या, बघायच्या, “ठीक आहे की,” म्हणायच्या, आणि मी तासभर तिथेच रेंगाळायचो. दुकानात आधी गिऱ्हाइकासाठी एकच स्टूल होतं. पुढच्या आठवड्यात कोपऱ्यात हाताची एक लाल प्लॅस्टिकची खुर्ची आली. मला वाटलं, बाईंचा धंदा वाढतोय. मी त्या खुर्चीत बसून गिऱ्हाइकांना सल्ले द्यायला लागलो. बाईंना आपली मदत होते अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

एकदा पालीचा एक म्हातारा नाखवा दुकानात आला. जावयाने त्याला कॉम्प्युटर घेऊन दिला होता आणि विकणाऱ्याने तो गच्च भरून दिला होता. आठ दिवसांनी नाखव्याने पिवळा कागद आणला, तो जवळजवळ कोरा होता. “आमाला वाऱ्याचं बघायचं हाय, बाय,” तो म्हणाला. “दुसरं काय न्हाय.” मी खुर्चीतून पुढे सरसावलो. त्याला बोटीचा हिशोब, मासळीचे भाव, समुद्राचे नकाशे असं बरंच काही सुचवायच्या बेतात होतो. बाईंनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मग त्यांनी एकेक करून सगळं काढून टाकलं आणि पडद्याच्या मधोमध एकच चित्र ठेवलं. ते दाबलं की उत्तनच्या समुद्रावरचा वारा दिसायचा. नाखवा दर दोन-चार महिन्यांनी वाकट्यांची सुकी मासळी घेऊन यायचा आणि सांगायचा, “डबा बेस चाललाय.” माझ्या सल्ल्याने चाललेल्या एकाही कॉम्प्युटरबद्दल असं कुणी सांगायला आलं नाही.

बाईंच्या डोळ्यांचं मला आधी कळायला हवं होतं. रोज तास-दोन तास समोर बसून मी त्यांना बघत होतो. पण बघत होतो म्हणजे बोलत होतो. स्टूल त्यांच्या पायात यायला लागलं होतं. चहाचा ग्लास त्या चाचपून घ्यायच्या. मग एका लग्नपत्रिकेत ‘सायंकाळी’च्या जागी ‘सकाळी’ छापलं गेलं. मुलीचा बाप ओरडून गेला. बाईंनी सगळ्या पत्रिका पुन्हा छापून दिल्या, आणि तो गेल्यावर शटर अर्ध्यावर ओढून बसून राहिल्या.

“काचबिंदू आहे,” त्या म्हणाल्या. “बाजूचं दिसत नाही. गेलेलं परत येत नाही म्हणतात डॉक्टर. उरलंय तेही किती दिवस, माहीत नाही.”

“मला दुसरं काही येत नाही, साहेब. टाइप करणं तेवढं येतं. ते गेलं तर मी सकाळी उठून काय करू?”

हा प्रश्न माझ्या ओळखीचा होता. मीच तो रोज सकाळी गॅलरीत उभा राहून स्वतःला विचारत होतो. पण तसं सांगायचं धाडस झालं नाही, म्हणून मी नेहमीसारखा तज्ज्ञ झालो. म्हटलं, “बाई, काळजी सोडा. हल्ली पडदा वाचून दाखवणारे प्रोग्रॅम निघालेत. नवा कॉम्प्युटर घ्या, बाकी माझ्यावर सोपवा. इतकी वर्षं तुम्ही सगळ्यांचं निवडलंत, आता तुमचं मी निवडतो.”

बाईंनी नवा कॉम्प्युटर घेतला आणि खरोखरच माझ्यावर सोपवला. मला इतका आनंद झाला की पिवळ्या कागदाची आठवणसुद्धा झाली नाही.

एका रविवारी दुकान बंद ठेवून मी दिवसभर तो कॉम्प्युटर भरला. अक्षरं मोठी करणारा प्रोग्रॅम, बाण मोठा करणारा प्रोग्रॅम, वेळ सांगणारं घड्याळ, औषधाची आठवण करून देणारी घंटा. बोललेलं टाइप करणारा प्रोग्रॅम तर मी खास टाकला होता. आणि मुख्य म्हणजे, पडदा मराठीतून वाचून दाखवणारा. बाईंचा जुना टायपिंगचा प्रोग्रॅम मात्र मी नव्या मशीनवर घेतला नाही. त्यातली अक्षरं या वाचणाऱ्याला वाचता येत नव्हती, हे खरं होतं. त्याच्या जागी मी स्वतः वापरायचो तो दिला. इंग्रजी अक्षरं दाबायची, पडद्यावर मराठी उमटतं. सोपं, आधुनिक. आपण काय सुंदर काम केलंय म्हणून मी घरी जाताना बायकोसाठी जिलबी घेतली.

सोमवारी सकाळी बाई नव्या कॉम्प्युटरसमोर बसल्या. आधी बोललेलं टाइप करणाऱ्याची परीक्षा झाली. बाई स्पष्ट आवाजात पत्रिकेचा मजकूर सांगू लागल्या. गल्लीत नेमका भाजीवाला आला. पडदा वाचणाऱ्या प्रोग्रॅममधल्या बाईने यांत्रिक आवाजात मजकूर परत वाचला, “आमचे येथे श्रीकृपेकरून मेथी दस का दो.” आम्ही दोघंही पोट धरून हसलो. मी म्हटलं, “जाऊ द्या, हातानेच टाइप करा.”

बाईंनी बोटं कीबोर्डवर ठेवली. मान ताठ, नजर समोर, क्लासमध्ये मुलींना शिकवायच्या तशी. आणि त्यांनी एक आख्खी ओळ भराभर टाइप केली. त्यांची बोटं टाइपरायटरच्या मांडणीवर तयार झालेली होती. कुठलं अक्षर कुठल्या बोटाखाली, हे डोळ्यांना विचारायची त्यांना गरजच नव्हती. मी ती मांडणीच काढून घेतली होती. पडद्यावर नुसता चोथा उमटला. आणि मी टाकलेल्या त्या वाचणाऱ्या बाईने तो चोथा एकेक अक्षर करून मोठ्याने वाचून दाखवला.

बाईंनी पुन्हा एक ओळ टाइप केली. पुन्हा तेच. मग त्यांनी आपले दोन्ही हात उचलले आणि स्वतःच्या मांडीवर ठेवले.

मी तिला, म्हणजे त्या वाचणारीला, घाईघाईने बंद केलं. जिच्या डोळ्यांतलं दिसणं चाललं होतं, त्या बाईच्या बोटांतलंही मी काढून घेतलं होतं, आणि वर जिलबी खाल्ली होती. मला रडू आलं. वयाला शोभणार नाही इतकं आलं.

“साहेब,” बाई म्हणाल्या, “माझा पिवळा कागद कुठाय?”

मी ड्रॉवरमधून कागद काढला. त्या दिवसापासून आठ दिवस मी लाल खुर्चीत गप्प बसलो. सल्ला नाही, ऑफिसच्या गोष्टी नाहीत. बाई जुन्या मशीनवर जमेल तसं काम करायच्या आणि त्या काय करतात ते मी लिहायचो. आठ दिवसांनी कागदावर तीन ओळी होत्या. टाइप करणे. तपासणे. छापणे. घड्याळ कुठेच नव्हतं, घंटा नव्हती. बाईंना वेळ शेजारच्या इस्त्रीवाल्याच्या रेडिओवरून कळायची.

मग मी शोधायला लागलो. यावेळी आधी वाचत होतो, मग दाबत होतो. टाइपरायटरची जुनी मांडणी नव्या पद्धतीच्या अक्षरांवर बसवणारा एक छोटासा प्रोग्रॅम सापडला. कुणीतरी बनवून फुकट ठेवून दिला होता. ना त्याला चित्र, ना रंग. माझ्या आधीच्या यादीत मी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. बाकीचं सगळं काढलं. तो, वाचणारी आणि छपाईचा, एवढेच तीन ठेवले.

बाईंनी बोटं ठेवली, एक ओळ टाइप केली आणि थांबल्या. वाचणारी म्हणाली, “आमचे येथे श्रीकृपेकरून.” भाजीवाला येऊन गेला, पण मजकुरात मेथी आली नाही. बाईंनी पुढची ओळ घेतली, तिच्यानंतरची घेतली. एका ठिकाणी वाचणारी अडखळली, तशा बाई मागे गेल्या आणि कानाने ऐकून चूक दुरुस्त केली. त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचं मी टाळलं. बाहेर जाऊन दोन कटिंग सांगून आलो.

पुढची तीन वर्षं बाईंनी असं कानाने काम केलं. ती वाचणारी लग्नाची पत्रिका आणि तेराव्याचं पत्रक एकाच उत्साहात वाचायची. बाई म्हणायच्या, “हिला कुणाचंच सुतक नाही.” डोळ्यांतला उजेड आटत गेला, पण एकाही पत्रिकेत संध्याकाळची सकाळ झाली नाही. नव्या गिऱ्हाइकाचं बोट चुळबुळलं की त्या फक्त आवाजावरून ओळखायच्या आणि म्हणायच्या, “हात मांडीवर ठेवा. मला ऐकू येतंय.” माऊसचा आवाज यायचा ना.

मग इमारत पुनर्विकासाला गेली. बाईंनी दुसरीकडे गाळा घ्यायचा नाही असं ठरवलं. चिपळूणला भाची होती, तिच्याकडे जायचं, कॉम्प्युटर सोबत न्यायचा. “लग्नं काय भाईंदरातच होतात?” त्या म्हणाल्या.

दुकान आवरायला मी गेलो होतो. बाई पायरीवर बसल्या होत्या आणि मी आत लाल खुर्चीत. कागद वाचून दाखवायचं काम आता माझ्याकडे होतं. मी वाचायचो, बाई म्हणायच्या, “ठेवा,” नाहीतर “टाका.” शेवटी ती जाड फाइल निघाली. सगळ्यांचे पिवळे कागद. नाखव्याचा वारा निघाला. बाई म्हणाल्या, “ठेवा.” एका वकिलाची यादी निघाली. “टाका.” मग माझा कागद आला.

मी वाचायला सुरुवात केली. “कादंबरी लिहिणे. व्हिडिओ एडिटिंग.” बाई हसायला लागल्या. मीही हसत वाचत गेलो, पार घराच्या अंतर्गत सजावटीपर्यंत. त्याखाली, त्या दिवशी त्यांनी पेन्सिलीने खरडलेलं होतं. अक्षर पुसट झालं होतं, तरी लागत होतं.

‘रोज येतील. खुर्ची लागेल.’

ती ओळ मी मनातच वाचली.

“काय झालं?” बाईंनी विचारलं. “पुढे वाचा की.”

“पुढे काही नाही,” मी म्हणालो. “एवढंच आहे.”

बाई गल्लीकडे तोंड करून बसल्या होत्या. त्यांनी मान वळवली नाही. तशाच म्हणाल्या, “तो कागद तुम्ही ठेवा, साहेब. आणि खुर्ची पण घेऊन जा. तिथे मला कुठे लागणार?”

गल्लीत आता निळे पत्रे लागलेत. इस्त्रीवाला पूर्वेला खारीगावात गेला. खुर्ची आमच्या गॅलरीत आहे. बायको म्हणते, बाकीच्या सामानात ती काही शोभत नाही. मी सकाळी पेपर संपला की तिच्यात जाऊन बसतो आणि हात मांडीवर ठेवतो.